वाचकांचे प्रश्न: गर्दी नसलेल्या डोंगरावर एका दिवसात जाऊन यायचंय

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की नावाजलेल्या डोंगरावर रांग लावून चढण्यापेक्षा त्याच्या शेजारचा, कुणी ढुंकूनही न बघणारा डोंगर गाठा. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. नावं छापत नाही, आणि लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आम्ही ऑफिसमधले चौघं असाच एक डोंगर बघून ठेवलाय. नकाशावर एका बाजूचं अंतर साधारण साडेपाच किलोमीटर दिसतं आणि पायथ्यापासून माथा 750 मीटर वर आहे. ओळखीतलं कुणी तिथे गेलेलं नाही. एक जण म्हणतो चार तासांत जाऊन येऊ, दुसरा म्हणतो अख्खा दिवस जाईल. बरोबर कोण?

उत्तर: दोघंही बरोबर आहेत, फक्त एक जण कागदावरचं सांगतोय आणि दुसरा जमिनीवरचं. कागदावरचा हिशोब आधी बघू. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 साली एक सोप्पा आडाखा दिला होता, तो अजून जगभर वापरतात. सपाटीवर दर 5 किलोमीटरला एक तास धरायचा आणि वर चढायच्या दर 600 मीटरला आणखी एक तास जोडायचा. तुमचं जाऊन-येऊन 11 किलोमीटर म्हणजे सव्वादोन तास, 750 मीटर चढाईचा सव्वा तास, झाले साडेतीन तास. चार तासवाला मित्र इथेच खूश होऊन थांबलाय.

पण नेस्मिथचा माणूस दमदार आहे, वाट नीट मळलेली आहे आणि तो फोटो काढायला, बुटाची लेस बांधायला, पाणी प्यायला कुठेच थांबत नाही. तुमच्या डोंगरावर वाट मळलेली नसणार, कारण मळायला माणसं जातच नाहीत. गवतात वाट शोधणं, चुकणं, परत मागे येणं यात वेळ कसा जातो कळत पण नाही, म्हणून मी अशा डोंगराला सरळ दीडपट धरते. म्हणजे चढायला साडेतीन तास, उतरायला एक तास चाळीस मिनिटं. उतार चांगलाच तीव्र असेल तर दर 300 मीटरला 10 मिनिटं अजून वाढवा, म्हणजे उतरायला दोन तास. त्यात माथ्यावरचा पाऊण तास आणि मधले थांबे घाला, साडेसहा-सात तास आरामात होतात. अख्खा दिवसवाल्याला चहा पाजा.

आता खरी गोष्ट. बहुतेक लोक प्लॅन करताना माथ्यावर कधी पोचणार एवढंच ठरवतात आणि पुढचं सोडून देतात, म्हणे उतरू सावकाश. माझं उलट आहे, मी सूर्यास्तापासून मागे मोजत येते. समजा सूर्य सव्वासहाला मावळतोय. झाडीत त्याच्या बरंच आधी अंधारतं, म्हणून मला सव्वाचारला पायथ्याशी हवंय. उतरायला दोन तास, अर्धा तास चुकण्यासाठी, म्हणजे पावणेदोनला उतरायला लागलंच पाहिजे, त्यातून अजून थोडं हाताशी ठेवून मी साडेबारा लिहून ठेवीन. सकाळी सातला चालायला लागलात तर अकराच्या आसपास माथा येतो, म्हणजे साडेबारा काही जाचक वेळ नाहीये. पण साडेबारा वाजले आणि माथा अजून वर दिसतोय तर तिथूनच मागे फिरायचं. ही वेळ घरीच ठरवायची आणि चौघांनी मान्य करायची, कारण वर गेल्यावर माथा एवढा जवळ दिसतो की कुणाचीच अक्कल ठिकाणावर राहत नाही, माझीसुद्धा नाही. त्यात डोंगर फसवतो पण. जो माथा वाटतो तो गाठला की त्याच्या मागे अजून एक टेपाड उभं असतं, आणि कधीकधी त्याच्याही मागे.

प्रश्न: मला नकाशा वाचता येत नाही. मोबाईलमध्ये ॲप आहे, सॅटेलाईट फोटोवर वाट स्पष्ट दिसते, मग कागदी नकाशा कशाला हवा?

उत्तर: ॲप वापरा की, मी पण वापरते. फक्त दोन गोष्टी. मोबाईलचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, कारण ते उपग्रहांचे सिग्नल घेतं, टॉवरचे नाही. पण नकाशाचं चित्र नेटवरून येतं, त्यामुळे ते घरीच डाऊनलोड केलेलं नसेल तर पांढऱ्या स्क्रीनवर एक निळा ठिपका घेऊन तुम्ही उभे राहाल. दुसरं म्हणजे नेटवर्क शोधत बसलेला फोन बॅटरी भराभर खातो, फ्लाईट मोडवर टाका. बहुतेक फोनमध्ये त्यात जीपीएस चालू राहतं, तरी घरी एकदा तपासून बघा. अरुंद घळीत, उंच कड्याला लागून ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो कारण सिग्नल कातळावर आपटून येतात, तेव्हा त्याच्यावर भांडू नका, जरा मोकळ्यावर येऊन बघा.

सॅटेलाईट फोटोत वाट दिसते ती फोटो काढला त्या दिवशीची असते. मध्ये गवत कमरेएवढं वाढलेलं असू शकतं, दरड कोसळलेली असू शकते. आणि फोटोत उंची दिसतच नाही, वरून बघताना कडा आणि मैदान सारखंच सपाट दिसतं. त्यासाठी समोच्च रेषा लागतात, म्हणजे नकाशावरच्या त्या वेड्यावाकड्या बारीक रेषा, एका रेषेवरची सगळी ठिकाणं एकाच उंचीची. 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. दोन रेषांमध्ये 20 मीटर उंची असेल आणि एका सेंटीमीटरमध्ये 15 रेषा कोंबलेल्या दिसल्या, तर अर्ध्या किलोमीटरमध्ये 300 मीटर चढ आहे, साधारण 31 अंश. हे चालणं नाही राहिलं, तिथे घसाऱ्यावर हात टेकतच जावं लागतं. रेषांचं टोक चढाच्या दिशेने गेलं असेल तर ती घळ, उताराच्या दिशेने गेलं असेल तर ती सोंड, म्हणजे माथ्यावरून खाली उतरत गेलेली डोंगराची धार. वाट चुकलेल्या माणसासाठी एवढं ज्ञान पुष्कळ आहे.

एक धोका मात्र नकाशातही दिसत नाही. 20 मीटरच्या रेषांमध्ये 15 मीटरचा कडा अख्खा लपून बसतो. माणसाला अडकवायला किंवा पाडायला 15 मीटर खूप झाले, म्हणून नकाशा सोप्पा दिसला तरी डोळे उघडे.

प्रश्न: पायथ्याच्या गावात वाट विचारली तर सगळे सांगतात जाते, जाते वर. मागच्या वेळी ती वाट पाण्याच्या डबक्याशी संपली. लोक खोटं का सांगतात?

उत्तर: खोटं नाही सांगत हो, तुम्ही प्रश्न तसा विचारता. 'ही वाट वर जाते ना?' असं विचारलं की समोरचा पाहुण्याला नाही कशाला म्हणेल, हो म्हणतो. त्याऐवजी विचारा, तुम्ही स्वतः वर शेवटचे कधी गेला होतात? उत्तर 'लहानपणी' असं आलं तर समजून जायचं. मग विचारा वर कशासाठी जातात लोक, पाणी कुठवर मिळतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरताना माणसं कुठे चुकतात. या शेवटच्या प्रश्नाला लोक भरभरून उत्तर देतात. तिथेच विचारून घ्या की कुणाची परवानगी वगैरे लागते का, कुणाच्या शेतातून जावं लागतं का.

आणि ती डबक्यावर संपलेली वाट ढोरवाट होती. गुरांना माथ्याशी काही देणंघेणं नसतं, त्यांना पाणी आणि चारा हवा असतो, त्यामुळे ढोरवाटा डोंगराच्या कुशीतून आडव्या आडव्या जातात, मध्येच चार फाटे फुटतात आणि गवतात विरून जातात. ओळखायची एक खूण सांगते. पायाखाली वाट छान मळलेली आहे पण फांद्या तुमच्या कमरेशी, छातीशी येतायत आणि दर चार पावलांनी वाकावं लागतंय, तर ही वाट तुमच्या उंचीच्या प्राण्याने केलेली नाही.

प्रश्न: मी 19 वर्षांची आहे. मला एकटीनेच जायचंय, शांतता हवी म्हणूनच तो डोंगर निवडलाय. घरचे नाही म्हणतात. तुम्ही त्यांना समजवाल का?

उत्तर: अगं, तू भलतीच वकील शोधलीस. मी स्वतः एकटी जाते, त्यामुळे एकटं जाऊच नये असं कुठल्या तोंडाने सांगू. पण पहिल्यांदा जाताना गर्दी नसलेला डोंगर आणि एकटेपणा हे दोन्ही एकाच दिवशी नको. आधी तोच डोंगर तिघा-चौघांबरोबर करून ये, वाट पाठ कर, मग एकटी जा. चार हा आकडा उगाच नाहीये, एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, कुणीच एकटं पडत नाही. नेहमीच्या गर्दीच्या वाटेवर पाय मुरगळला तर पंधरा मिनिटांत मागून कुणीतरी येतं. तुझ्या शांत डोंगरावर मागून येणारं माणूस कदाचित पुढच्या आठवड्यात येईल.

एकटी जाशील तेव्हा घरी एक कागद ठेवून जायचं. कुठला डोंगर, कुठल्या बाजूने चढणार, कुठून उतरणार, गाडी कुठे लावली आहे, आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. मग वर जाऊन मूड बदलला म्हणून दुसऱ्या बाजूने उतरायचं नाही, कारण शोधणारे कागद बघूनच शोधणार. नेटवर्क अगदी काठावर असेल तर कॉल लागत नाही पण मेसेज जातो कधीकधी, हे लक्षात ठेव. आणि सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला शिट्टी बांध, आत तळाशी नाही. मदतीसाठी एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन शिट्ट्या येतात. ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी दिवसभर वाजवता येते. रात्री टॉर्चने पण हेच करायचं.

हा कागद तू स्वतः लिहून आईबाबांपुढे ठेवलास ना, तर माझ्या समजावण्याची गरज पडणार नाही बहुतेक. निदान भांडण तरी वेगळ्या मुद्द्यावर होईल.

प्रश्न: रस्ता चुकलो तर ओढा धरून खाली जायचं, ओढा गावातच जातो, असं आमचे काका सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर: काकांना नमस्कार सांगा पण ऐकू नका. पाणी खाली जातं हे खरं, पण पाण्याला 40 मीटरची उडी मारता येते, तुम्हाला नाही. ओढे घळीत शिरतात, घळी अरुंद होत जातात, दगड शेवाळलेले, आणि मग धबधब्याच्या डोक्यावर माणूस येऊन उभा राहतो जिथून खाली जाता येत नाही आणि घसरत आला म्हणून वर चढता येत नाही. शिट्टीचा आवाजही घळीत कोंडतो.

चुकलो असं वाटलं की पहिलं काम थांबणं. बसायचं, पाणी प्यायचं, शेवटची खात्रीची जागा कुठली होती ते आठवायचं आणि चढ असला तरी तिथवर मागे जायचं. कुणालाच हे आवडत नाही, कमावलेली उंची परत चढायची म्हणजे जिवावर येतं, पण पुढे कुठेतरी लागेलच वाट या आशेवर माणसं अजून अजून आत जातात. आणि आपण सरळ चाललोय या भावनेवर तर अजिबात विसंबू नका. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना मोठ्या जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर बऱ्यापैकी सरळ चालली, आभाळ भरून आलं तशी गोल फिरायला लागली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली तरी त्यांना पत्ता नाही. चकवा लागला म्हणतात तो हाच असावा, भुताला उगाच बदनाम केलंय.

माझं स्वतःचं सांगते. एकदा आम्ही तिघं धुक्यात माथ्यावर पोचलो, खूप आनंद झाला, फोटो काढले, आणि खाली निघालो ते वेगळ्याच सोंडेवरून. माथ्यावरून दोन सोंडा निघत होत्या, सुरुवातीची शंभर पावलं दोन्ही सारख्याच. चढताना मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं, त्यामुळे उतरताना ती जागा कशी दिसते हेच डोक्यात नव्हतं. कळलं तेव्हा आम्ही दीड तास खाली आलो होतो आणि समोर भलतीच दरी. परत वर, परत खाली, अंधार, आणि तिघांत मिळून एक टॉर्च, कारण दिवसाचाच तर ट्रेक आहे असं आम्ही तिघांनी वेगवेगळं ठरवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर मी मागे वळून बघते, फोटो काढायचा तर मागच्या बाजूचा काढते, आणि टॉर्च डोक्याला लावायचा, माणशी एक, सकाळी निघताना चालू करून बघितलेला.

प्रश्न: पाणी किती घ्यावं? तीन लिटर खूप जड होतं.

उत्तर: जड होतंच, लिटरला किलो, त्यात सवलत नाही. चालण्याच्या दर तासाला साधारण अर्धा लिटर धरा, ऊन कडक असेल तर जास्त. वर टाकं आहे, झरा आहे असं ऐकलं असेल तरी तो आटलाय असं समजूनच घरून भरून घ्या, मिळालं तर बोनस. उघड्यावरचं पाणी गाळून शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. आणि नुसतं पाणीच ढोसू नका, घामातून मीठ पण जातं, भरपूर साधं पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घटलं तरी गरगरतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणीच कमी पडलं म्हणून तो अजून पितो. काहीतरी खारट बरोबर असू द्या. अर्धं पाणी संपलं आणि माथा आला नाही, तर तुमचं घड्याळ काहीही म्हणो, बाटलीने परतीची वेळ सांगितलेली आहे.

प्रश्न: चढताना काही होत नाही, उतरल्यावर दोन दिवस मांड्या दुखतात. वय झालं का?

उत्तर: नाही झालं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि त्या प्रकारच्या कामाने त्यांना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं. पावलं छोटी टाका, धावत उतरू नका, काठी घ्या, आणि आधी दोन-तीन आठवडे जिने उतरायची सवय करा. हो, उतरायची, सगळे चढायचीच करतात. उतरायच्या आधी बुटांच्या लेस घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढे आपटणार नाहीत, नखं आदल्या दिवशी कापा.

प्रश्न: खाली छान ऊन असतं म्हणून हवामान बघत नाही. चालतं का?

उत्तर: नाही चालत. दर 1000 मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं, तुमच्या 700-800 मीटरच्या डोंगरावर पाचेक अंशांचा फरक, त्यात माथ्यावरचा वारा आणि घामाने भिजलेला सुती शर्ट. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगातली ऊब खेचतो, म्हणून लवकर वाळणारा घाला आणि एक वाऱ्याचं जाकीट सॅकमध्ये टाका, उन्हाळा असला तरी.

वीज मात्र वेगळं प्रकरण आहे. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. माथा आणि धार सोडून लगेच खाली सरका, एकट्या झाडाखाली नको, कपारीच्या तोंडाशी पण नको, आणि सगळे एकमेकांपासून लांब लांब. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जायचं नाव काढू नका.

प्रश्न: आम्ही एक वाजता फिरायचं ठरवलं होतं. पावणेतीन वाजले तेव्हा माथा फक्त 100 मीटर वर होता. मी मागे फिरायला लावलं, तर मित्र अजून माझ्याशी बोलत नाही. नेस्मिथच काय, कुणाच्याही हिशोबाने ती 10-15 मिनिटं होती. माझं चुकलं का?

उत्तर: चुकलं, पण वेगळीकडे. पावणेतीनला मागे फिरवलंत ते बरोबरच, पण एकला ठरलं होतं तर पावणेदोन तास तुम्ही काय करत होतात? एकला तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे वेळ तुम्हीच मोडलीत, आणि मग माथा समोर दिसत असताना ती तुम्हाला आठवली, मित्राला राग येणारच. एकला थांबला असतात तर माथा लांब होता आणि भांडण छोटं झालं असतं. शिवाय वरची 100 मीटर 15 मिनिटांत होतात हे मळलेल्या वाटेचं गणित आहे, शेवटचा टप्पा बहुतेक वेळा सगळ्यात घसरडा असतो, आणि वर पोचल्यावर पाच मिनिटांत खाली आलेला माणूस मी तरी अजून बघितलेला नाही.

त्याला फोन करा, वरचा पॅरा वाचून दाखवलात तरी चालेल. डोंगर तोच ठेवा, तारीख त्याला ठरवू द्या, आणि या वेळी दोन तास लवकर निघा.